दुखवट्याच्या वर्षातली बासरी

माझ्या हातात बासरी आली तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. नंतर मधेच थांबून "हे कसं गं बाई शोभलं?" असं विचारू नये. शोभलं की नाही याचा विचार मी केलाच नव्हता.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर दुखवटा असतो. सण करायचे नाहीत, कढईत गोडाचं काही तळायचं नाही, कुणाच्या हळदीला जायचं नाही आणि घरात वाजंत्री तर नाहीच नाही. टीव्ही लावायचा तर आवाज बंद करून. मी सगळं पाळलं. बातम्या देणाऱ्या बाईचे नुसते ओठ हलताना बघत मी भाजी निवडायचे. गणपतीत शेजारणीने दिलेले मोदक मी त्याच पावली परत पाठवले. नवरा माझा होता आणि माझं त्याच्यावर प्रेम होतं, त्यामुळे मोदक परत पाठवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

नारपोलीत, कापड विणणाऱ्या विजेच्या मागांच्या वस्तीत, आमच्या घरामागेच आमची मागांची शेड होती. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी खटाखट ऐकत झोपले आणि खटाखट ऐकत उठले. मागाच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडे सगळे हाताने बोलतात. धागा तुटला, जेवायला या, पाहुणे आलेत, मुकादम पिऊन आलाय, या प्रत्येकाची खूण ठरलेली. शेडबाहेर आलो की तीच माणसं बेंबीच्या देठापासून ओरडून बोलतात, कारण निम्म्यांचे कान गेलेले असतात. माझ्या नवऱ्याचे तर पारच गेले होते. त्याच्या कानात कुजबुजून काही सांगावं अशी वेळ आमच्या संसारात आली नाही. कुजबुजले असते तर त्याला ऐकू गेलं नसतं आणि ओरडून सांगितलं असतं तर गल्लीला कळलं असतं.

तो गेल्यावर मुलाने जुने माग भंगारात काढले. मुलगा जवळच पूर्णा गावात गोडाऊनमध्ये शिफ्टमध्ये काम करतो. त्याला मागाचं काही करायचं नव्हतं आणि मीही त्याला आग्रह केला नाही. शेजारच्या शेडवाल्याने मात्र नवे, धोटा नसलेले माग मागवले. धोटा म्हणजे बाण्याचं आडवं सूत पोटात घेऊन उभ्या ताण्यातून इकडून तिकडे धावणारा लाकडाचा तुकडा. नव्या मागांत त्याला कामच नाही. ते माग बसवायला जपानहून एक म्हातारा कारागीर आला. त्याला हॉटेलचं तिखट सोसेना, म्हणून शेडवाल्याने मला विचारलं, डबा द्याल का? दिला. वरण, भात, बिनतिखटाची भाजी, तळलेले बोंबील. बोंबील त्याने काट्यासकट खाल्ले, तेव्हाच हा माणूस चांगला असणार असं मी ठरवून टाकलं.

जेवण झालं की तो शेडच्या दारात, टेम्पो लागतो तिथल्या ओट्यावर बसायचा आणि पिशवीतून एक जाडजूड बांबू काढायचा. बुडाकडे मुळाच्या गाठी तशाच ठेवलेल्या, पुढे चार भोकं, मागे एक. आपल्या बासरीसारखी ती आडवी धरत नाहीत, तोंडातून खाली उभी सोडतात. वरचं तोंड उघडंच असतं. त्याची एक कड तिरकी तासलेली असते आणि त्या कडेवर फुंकर बसली तर आवाज येतो.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी डबा परत न्यायला गेले होते. आवाज आला, पण त्याच्याआधी हवा आली. म्हणजे माणूस श्वास घेतो, सोडतो, ते सगळं ऐकू येत होतं आणि तो ते लपवत नव्हता. सूर मधेच उठायचा, मान हलली की वाकायचा, मग परत नुसती हवा. मी रिकामा डबा हातात घेऊन उभी राहिले. मला त्या बांबूचा हेवा वाटला. इतका सावकाश, इतका हळू आवाज माझ्या कानांनी आयुष्यात ऐकला नव्हता. मला तो काढता यायला हवा होता.

मग मी सरळ मागितली. त्याला मराठी येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं, हिंदी दोघांचीही कच्ची. पण तो मागवाला, मी मागवाली. हातांनी बोललो. मी बासरीकडे, मग माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. त्याने हसून हातात दिली. मी ओठांना लावली आणि आत ओढली.

हो, आत. फुंकायची सोडून मी चोखली. तो आधी बघतच राहिला आणि मग मांडीवर हात मारून इतका हसला की शेडमधले कारागीर बाहेर आले. त्याला कळलं होतं. धोट्यात सूत गुंडाळलेली नवी कांडी घातली की सुताचं टोक एका बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं, आणि ते तोंडाने ओढून काढतात. भोकाला ओठ लावायचे, झटकन श्वास आत घ्यायचा, सूत जिभेवर येतं. आमचा एखादा कारागीर गावी गेला की मी मागावर उभी राहायचे. किती धोटे मी असे ओढले असतील कुणास ठाऊक. लाकूड, भोक आणि ओठ एकत्र आले की माझा श्वास आतच जातो. म्हाताऱ्याने स्वतःकडे, मग कमरेएवढ्या उंचीवर हात दाखवून लहान मुलाची खूण केली, मग बाईच्या केसांची, मग ओठांनी झटकन आत ओढलं. त्याची आईही मागावर होती.

काम संपेपर्यंत तो मला शिकवत राहिला. शिकवायचं तरी काय? सगळी भोकं झाकायची आणि सगळ्यात खालचा एकच स्वर काढायचा. त्याचा निघायचा, माझी नुसती फूस व्हायची. मधे शेडवाला त्याला अकलोलीच्या गरम कुंडावर घेऊन गेला. परत आल्यावर त्याने खुणेने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की निघाला का? निघाला नव्हता.

जाताना त्याने मला आपली दुसरी, साधी बासरी दिली. फुकट घेणं मला पटेना. मी घरात गेले आणि नवऱ्याचा धोटा आणला. इतक्या वर्षांच्या हाताने गुळगुळीत झालेला, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. भंगारवाला आला तेव्हा तेवढा एक मी लपवून ठेवला होता. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. नवऱ्याची शेवटची वस्तू परक्या माणसाला दिली म्हणून पुढे मला पुष्कळ ऐकावं लागलं. योग्य माणसाच्या हातात पडली, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता खरी गोष्ट. बासरी घरात आली हे थोरल्या दिरांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. थोरले दीर म्हणजे आमच्या भावकीतले कर्ते. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात. सासरे गेल्यापासून लग्नं जमवणं, भांडणं मिटवणं सगळं त्यांच्याकडे. वाईट माणूस नाही. माझा नवरा आजारी असताना रोज येऊन बसायचे. पण घरात कुणी खोकायचं तरी आपल्याला विचारून, अशी त्यांची समजूत.

ते आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगो, भावाला जाऊन वरीस नाय झाला आन तू बासरी फुकतंस? लोकां काय बोलतीन?"

मी म्हटलं, "वाजली का भावजी? कोनी आयकली?"

"तोंडाला लावलीस म्हंजे वाजवलीस."

"मंग धोटा पन रोज तोंडाला लावत व्हते. तवा कोन नाय बोलला."

पण हार मानतील तर ते दीर कसले. त्यांनी तिथेच निवाडा करून टाकला. वाजत नाही तोवर ते लाकूड आहे, त्याबद्दल ते काही बोलणार नाहीत. पण वर्षाच्या आत ज्या दिवशी ती वाजेल, त्या दिवसापासून ते माझ्या घरचं पाणी पिणार नाहीत आणि वर्षश्राद्धाला पाय ठेवणार नाहीत.

यात गंमत वाटत असेल तर सांगते, गंमत नव्हती. वर्षश्राद्धाला थोरला भाऊ आला नाही म्हणजे भावकी तुटली. मग पाठोपाठ बाकीचे येणार नाहीत. माझ्या मुलाचं लग्न जमवायचं होतं. मुलीकडचे आधी विचारतात, काकांशी कसं आहे? आणि दिरांनी पाऊल बंद केलं तर जाऊही यायची बंद होणार. जाऊ म्हणजे दिरांची बायको. नात्याने थोरली, वयाने माझ्याहून बरीच लहान. माझ्या तोंडावर मला वेडी म्हणणारी जगात तेवढी एकच बाई आहे. ती गेली तर मी बोलायचं कुणाशी?

मुलगा म्हणाला, "आई, ठेव ना वर्षभर कपाटात. पळून जाणारे का ती?"

बरोबर होतं त्याचं. बासरी पळून जाणार नव्हती. पण वर्षभर मी कपाटात राहावं असं ज्यांना वाटत होतं ते लोक वर्षानंतर मला बाहेर काढणार होते का? मी पुष्कळ बायका पाहिल्यात. वर्षासाठी म्हणून हिरव्या बांगड्या, हसणं, बाजारात जाणं काढून ठेवतात आणि वर्ष संपल्यावर ते कुठे ठेवलं होतं हे कुणालाच आठवत नाही. मी मुलाला नाही म्हटलं.

आणि रोज बसले. भांडी आवरली की दुपारी, मागच्या दारात, रिकाम्या शेडकडे तोंड करून. हनुवटीने वरचं तोंड अर्धं झाकायचं, ओठ ताणायचे, फुंकायचं. फूस. पुन्हा फूस. डोकं गरगरायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मधूनच जुनी सवय उसळायची आणि श्वास आत जायचा, की बांबूच्या वासाने ठसका लागायचा. समोरच्या खोलीतला मागवाला येता-जाता विचारायचा, "चाची, आज बोली क्या?" मी म्हणायचे, "नहीं बोली, तू अपना काम कर."

सहा दिवस गल्लीत मागांची खटाखट असते, माझी फूस मलाच ऐकू यायची नाही. शुक्रवार मागांच्या सुट्टीचा, त्या दिवशी माग बंद. त्या दिवशी सगळी गल्ली कान देऊन असायची, वाजते का बघायला. मी मुद्दाम शुक्रवारीही बसायचे.

एकदा जाऊ माझ्याजवळ येऊन बसली होती. बराच वेळ ऐकून म्हणाली, "ताय, भाऊ शेवटी शेवटी असाच श्वास घेत व्हते ना?"

माझे हात थांबले. माझ्या नवऱ्याची छाती मागाच्या धुळीने भरली होती. शेवटच्या दिवसांत त्याचा श्वास आख्ख्या घरात ऐकू यायचा, आत जाताना बारीक, बाहेर येताना जाड. मी त्या श्वासावर कान ठेवून स्वयंपाक केला आहे. हो, तसंच होतं थोडंसं. मी नाही म्हणू शकले नाही.

जाऊ हलक्या आवाजात म्हणाली, "मंग याना तेच सांगा ना. भावाचे आठवनीन फुकते असा बोला. याना रडायलाच येल. कोन काय बोलनार नाय."

किती सोपं होतं! तिने माझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं. दीर रडले असते, भावकी हळहळली असती, आणि वर माझं कौतुक झालं असतं, बघा कशी नवऱ्याचा श्वास घेऊन बसलीये. पण ते खरं नव्हतं. मी डबा घेऊन उभी राहिले होते तेव्हा मला नवरा आठवला नव्हता. मला फक्त तो आवाज आवडला होता. पोरवयानंतर पहिल्यांदा मला काहीतरी नुसतं आवडलं होतं, कुणासाठी नाही, कशाच्या उपयोगाचं नाही. तेही मी नवऱ्याच्या फोटोला हार घालतात तसं त्याला घालून टाकायचं? मग माझ्याकडे काय राहिलं? मी जाऊला म्हटलं, "नाय बाय, मी असा नाय बोलनार." ती म्हणाली, "तुमी वेड्या हाव." ते मला मान्य होतं.

वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यावर आलं तेव्हा एका शुक्रवारी दीर आणि जाऊ दोघेही आले. भटजी, आचारी, कुणाकुणाला सांगायचं, सगळं ठरलं. मुलगा घरात होता, मी चहा केला. मग दिरांनी विषय काढला. बायकोने घरी सांगितलं असणार, कारण त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"ह्ये बघ गो. भावाचे आठवनीन वाजवतंस असा चार लोकांत बोल. मंग माझा पन काय बोलना नाय. वरीस सरला काय, न सरला काय."

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा सांगत होता, आई, हो म्हण. एवढं एक वाक्य आणि सगळं मिटत होतं.

मी म्हटलं, "नाय भावजी. मना आवडतं म्हनून वाजवतंय."

"आवडतं?" जणू मी काही घाणेरडं बोलले होते.

"हो. आन वाजत तर नायच. ह्ये बघा." मी बासरी उचलली आणि त्यांना दाखवायला म्हणून फुंकली.

वाजली.

लोक सांगतात, मन शांत झालं की बासरी आपोआप वाजते. साफ खोटं आहे. मी रागाने थरथरत होते. त्या दिवशी कड कुठे लागली, ओठ कसे पडले, मला आजही सांगता येणार नाही. पण तो खालचा स्वर निघाला, रुंद आणि घोगरा, आणि माझ्या हनुवटीतून खाली छातीपर्यंत थरथरत गेला. माग बंद होते. गल्लीत कुणाच्या तरी हातातलं भांडं वाजायचं थांबलं. माझा श्वास संपला तेव्हा स्वर संपला. मला इतका आनंद झाला की मी दिरांच्या तोंडावर हसले.

दीर उठले. "झाला. मी बोललो व्हतो."

तेव्हा जाऊ बोलली. चहाचा कप बशीत ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता बोलली. "मना हलद लागली तवा ब्रास बँड व्हता. रातभर लोकां नाचली. थोरलीला जाऊन वरीस कुठं झालता?"

थोरली म्हणजे दिरांची पहिली बायको. ती गेल्यावर घर सांभाळायला बाई हवी म्हणून त्यांनी वर्षाच्या आतच दुसरं लग्न केलं होतं आणि बँड त्यांनीच ठरवला होता. ही गोष्ट भावकीत सगळ्यांना ठाऊक होती. मीही ती कितीदा जिभेवर आणून गिळली होती, कारण ती बोलले असते तर दिरांआधी जाऊच दुखावली असती. ती स्वतःच्या हळदीवर असं बोट ठेवेल असं मला वाटलं नव्हतं. तिचे डोळे भरले होते. दीर चपला घालून निघून गेले. ती त्यांच्यामागे गेली नाही. माझा चहा तिने पुन्हा गरम केला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जाऊ सकाळीच एकटी आली आणि विळीवर बसली. भटजी आले, मुलाने विधी केले, पानं वाढायची वेळ झाली. भावकीतले लोक अंगणात घोटाळत होते, कुणी बसेना. सगळे रस्त्याकडे बघत होते. मुलाच्या तोंडाचं पाणी पळालं होतं आणि ते माझ्यामुळे, हे मला दिसत होतं. त्या वेळी मला भीती वाटली. पश्चात्ताप झाला असं मात्र म्हणणार नाही.

मग दीर आले. पांढरा सदरा घालून, कुणाकडे न बघता आले, पहिल्या पानावर बसले आणि पाणी मागितलं. मीच दिलं. ते प्यायले. लोक भराभर बसले.

जेवणं उरकली, विडे झाले, तसे दीर मोकळे झाले. मोठ्या मनाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता वरीस सरला. आता वाजव गो खुशाल. माझी परवानगी हाय तुना."

लोकांनी माना डोलावल्या. मुलाने सुटकेचा श्वास सोडला. मलाही बरं वाटायला हवं होतं. मी फक्त मान खाली घालून बरं म्हणायचं होतं, तेवढंच राहिलं होतं.

"मी इचारला नव्हता, भावजी," मी म्हटलं.

मी आत गेले, बासरी घेऊन आले आणि सगळ्या भावकीसमोर ओट्यावर बसले. हनुवटी लावली, फुंकलं. फूस. मागे कुणीतरी खुदकन हसलं. जाऊने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. मला लाज वाटली नाही. मी ओठ पुसले, श्वास घेतला आणि पुन्हा फुंकलं.